रुमालाखाली घेतलेलं घर

खांडबाऱ्यातल्या दारूच्या जुन्या मक्तेदाराने मला घर विकताना फसवलं. तो विकणारा, मी घेणारा. घराची खोड त्याला माहीत होती, मला नव्हती, आणि त्याने ती सांगितली नाही. मी घाई केली, मी हावरटपणा केला, मी कुणाला विचारलं नाही, असं लोक म्हणतात. ते सगळं मी पुढे स्वतःच सांगणार आहे. पण कोणी कोणाला फसवलं याबद्दल माझ्या मनात शंका नाही आणि वाचणाऱ्यानेही ठेवू नये.

मी बैलांचा हेडी. म्हणजे या बाजारात बैल घ्यायचा आणि त्या बाजारात विकायचा, एवढाच माझा धंदा. कोरीटला दुसऱ्याच्या खळ्यावर वाढलो. बाप सालदार होता. पावसाळ्यात आम्ही मालकाच्या गोठ्यात झोपायचो, अर्ध्या जागेत बैल आणि अर्ध्या जागेत आम्ही. बैल ओळखायला मी तिथेच शिकलो. कोणता बैल अंधारात पाय बदलतो आणि कोणता दुखणं लपवतो, हे मला आवाजावरून कळायचं. पुढे त्याच ज्ञानावर मी जगलो. कोणी शिकवलं नाही, कोणी भांडवल दिलं नाही.

लग्न झाल्यावरही गोठा सुटला नाही. नंदुरबारला एकाच्या गोठ्याची पडवी, मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची. जागेचा मालक बदलला की आमची चूल हलायची. माझी बायको फार बोलणारी नव्हती, पण दर वेळी नवी चूल लिंपताना एक वाक्य बोलायची.

"तुम्ही दुनियाना बैल ठाणवर बांधतस. मन्ही चूल एक जागावर कव्हय व्हई?"

मी रागवायचो. उत्तर नसलं की मला राग येतो. पण तिचं ते वाक्य मी बाजारात बरोबर घेऊन हिंडायचो.

खांडबाऱ्याचं ते घर मी आठवडी बाजाराला जाता-येता पाहत होतो. स्टेशनातून उतरून बाजाराकडे वळलं की पहिलंच. दुमजली, नळीच्या कौलांचं, पुढे वीस हात लांब ओटा. भिंती पोट काढून उभ्या होत्या, एका कोपऱ्यात कौलं सरकून आभाळ दिसत होतं, पण लाकूड! सगळं साग, आणि आता जंगलात सापडत नाही असल्या जाडीचं. खांब दगडी बैठकीवर उभे. मधल्या सोप्यातली तुळई मी एकदा दाराच्या फटीतून पाहिली. एका झाडाची, एका तुकड्याची, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मी खांबावर बोटाने ठोकून पाहिलं, जसं बैलाच्या फऱ्यावर थापटतो तसं. आवाज भरीव आला. वाळवी नाही.

घर दहाबारा वर्षं बंद होतं. मालक दारूचा मक्ता सोडून नंदुरबारला राहायला गेला होता. माझ्या डोक्यात सगळं एका फटक्यात बसलं. खाली ओट्यावर दुकान, मीठ, गूळ, दोरखंड, घुंगरं, कासरे. डोंगरातली माणसं बाजाराला येतात ती आधी इथेच थांबतील. मागे स्वयंपाकघर. आणि चूल, एका जागेवर.

आता माझी चूक सांगतो. चैत्रातला बाजार होता. ऊन असं की माणसं झाडाच्या विरळ सावलीत एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसली होती. बैलगाडीखालीसुद्धा माणसं होती. आणि त्या घराचा वीस हात लांब, गार, सावलीचा ओटा रिकामा होता. एक माणूस नाही. एक शेळीसुद्धा कोणी बांधलेली नाही. मी ते पाहिलं. बैल तीन पायांवर भार देतो हे मला शंभर पावलांवरून कळतं, आणि रिकामा ओटा पाहून मला वाटलं की मधमाश्यांचं पोळं असेल, किंवा साप निघाला असेल. बरंच झालं, भाव पडेल.

मी कुणाला विचारलं नाही, कारण आमच्या धंद्यात विचारत नाहीत. ज्या बैलावर नजर आहे त्याच्याकडे पाठ करून उभं राहायचं. चौकशी केली की मालकाला कळतं आणि भाव चढतो. तीस वर्षं मी असाच कमावत आलो. घराच्या बाबतीत मी वेगळं का वागेन?

नंदुरबारला त्याच्या घरी गेलो तेव्हा तो झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होता. गोरा, शांत, कमी बोलणारा माणूस.

"घर इकानं शे म्हंतस," मी म्हणालो.

"कोन म्हनस?"

"कोनी नही. मी म्हनस."

तो हसला. "बैलवाला तू. घर कसाले जोयजे?"

"बैलवालानी बायकोले चूल नही लागत का?"

"पाडाले ली ऱ्हायना का ऱ्हावाले?"

"ऱ्हावाले."

पाडून लाकूड विकायला नाही, राहायला घेतोय, हे त्याला नवं होतं. झोपाळा पायाने थांबवला. आज मला ते थांबणं आठवतं. मग म्हणाला, "तुन्हा धंदानी रीत शे ना, रुमालनी? मंग रुमाल काढ. तेच रीतवर करूत."

रुमालाची रीत अशी. विकणारा आणि घेणारा समोरासमोर बसतात, हातांवर रुमाल टाकतात, आणि खाली एकमेकांची बोटं धरून भाव सांगतात. किती बोटं, कोणतं पेर, यावर आकडा ठरतो. भोवती शंभर माणसं असली तरी कोणाला कळत नाही. तोंडाने एक शब्द काढायचा नाही. जो बोलला तो मोडला. पण रुमाल टाकण्याआधी एक गोष्ट तोंडाने सांगावी लागते, ती म्हणजे जनावराची खोड. मारका असेल, बसका असेल, गाडीला भीत असेल, तर विकणाऱ्याने सांगायचं. न सांगता विकला आणि खोड निघाली तर आठ दिवसांत बैल परत. ही रीत माझ्या जन्माआधीची आहे.

एवढा मोठा माणूस माझ्या धंद्याच्या रीतीने बसतो म्हणून मला फुशारकी वाटली. मी खांद्यावरचा रुमाल टाकला. त्याची बोटं मऊ होती, गार होती. मी खाली खेचलं, ती आली. आणखी खेचलं, आणखी आली. बोट सोडताना माणूस थोडा तरी अडतो; म्हातारी गाय विकतानाही शेतकऱ्याचं बोट अडतं. त्याचं कुठेच अडलं नाही. मला वाटलं, मी जिंकलो.

खरेदीखत झालं. आठवड्यात बायको गाठोडं घेऊन आगगाडीने आली. उंबऱ्यावर पाणी टाकलं, हळद-कुंकू वाहिलं, आत जाऊन तुळईकडे मान वर करून पाहत राहिली. म्हणाली, "एवढं मोठं लाकूड आपलं?" मी म्हणालो, "आपलंच." तिने मागच्या खोलीत चूल घातली. तिथे पूर्वी दारूची पिंपं असायची, जमिनीवर त्यांचे गोल डाग होते. ती शेणाने सारवून सारवून थकली, तरी डाग वर यायचे.

पहिल्या बाजाराला आम्ही दुकान लावलं. ओटा धुतला, पाण्याचा माठ भरून ठेवला. बाजार भरला, उठला. ओट्यावर कोणी चढलं नाही. एक बाई कडेवर तान्हं घेऊन उन्हात उभी होती, पोर तहानेने रडत होतं. माझ्या बायकोने तांब्या पुढे केला. बाईने पोराचं तोंड पदराने झाकलं आणि दुसरीकडे गेली.

"आपला कोठे काय चुकनं?" बायको मला विचारत होती.

मी ओरडलो. कोणावर ते आठवत नाही.

पावसाळा जवळ आला होता, शाकारणी करायला हवी होती. बाजारात शिडी घेऊन फिरणारा एक कोकणी माणूस, म्हणजे इथल्या डोंगरातल्या कोकणी जमातीचा, गाठला. कौलं फेरायची मजुरी ठरली, त्याने शिडी खांद्यावर घेतली, माझ्यामागे चालू लागला. घरासमोर आल्यावर थांबला.

"हे घर?"

"हेच."

त्याने शिडीचं तोंड फिरवलं आणि परत निघाला. मी त्याची शिडी धरली, शिव्या दिल्या, दुप्पट देतो म्हणालो. तो शांतपणे म्हणाला, "शिडी सोड, हेडी. त्या म्हातारीला विचार." आणि चिंचेखाली डिंक आणि चारोळी विकत बसलेल्या एका म्हातारीकडे बोट दाखवलं.

मी तिच्यापुढे जाऊन बसलो. ती बाजारच्या बोलीत तिची बोली मिसळून बोलत होती. मला उमगलं तसं लिहितो.

"आजी, माझ्या घराचं काय आहे?"

"तुझं घर? ते तुझं कधीपासून?"

"मी घेतलं."

"त्याने सांगितलं नाही?"

"काय?"

तिने डिंकाची टोपली बाजूला सरकवली. "वर जे मोठं लाकूड आहे, ते आमच्या पाड्यावरून आलं. माझ्या नवऱ्याने आणि आमच्या माणसांनी खांद्यावर आणलं, तीन दिवस. मजुरी काय, तर दारू. वर चढवायच्या दिवशी मक्तेदाराने सकाळपासून पाजली. जोर येतो म्हणाला. अर्ध्यावर दोर सुटला. माझा नवरा खाली होता."

मी मान वळवून घराकडे पाहिलं.

"त्याला बाजूला काढलं, आणि लाकूड त्याच दिवशी चढवलं. मुहूर्त होता म्हणे. पोलीस पाटलाला सांगितलं, दारू पिऊन रस्त्यात पडला, मेला. मी दारात बसले. त्याला म्हणाले, तू फक्त खरं बोल. माझ्या माणसाने कुठे जीव सोडला ते बोल. तो आत गेला, दार लावलं."

पुढे बऱ्याच वर्षांनी डोंगरापाड्यांतल्या लोकांनी दारू सोडली. माझ्याही कानावर ते आलं होतं. त्या वेळी पाड्यापाड्यांतून बायका मडकी घेऊन त्या घरासमोर आल्या. उंबऱ्यासमोर दारू ओतली, मडकी फोडली, आणि एकेकीने उंबऱ्यावर हात ठेवून शपथ घेतली: आम्ही, आमची पोरं, हा उंबरा ओलांडणार नाही, या ओट्यावर बसणार नाही, इथलं पाणी पिणार नाही, याच्या छपराला हात लावणार नाही. तो स्वतः येऊन त्या लाकडाखाली उभा राहून खरं बोलेपर्यंत. मक्ता मोडला. तो नंदुरबारला गेला. शपथ राहिली.

"मग मी बोलतो," मी म्हणालो. "मी मालक आहे. मी माफी मागतो."

म्हातारी दात नसलेल्या तोंडाने हसली. "तू? तू पाजली होतीस? दोर तुझ्या हातात होता? हेडी, एका बैलाने मारलं तर दुसऱ्याला वेसण घालतोस का?"

मी पुढच्याच गाडीने नंदुरबारला गेलो. तो झोपाळ्यावरच होता.

"तुम्ही खोड सांगी नही!"

"तू इचारं नही."

"खोड सांगनी पडस! रीत शे!"

"बैलनी." त्याने सुपारी तोंडात टाकली. "घर का बैल शे, भाऊ? आनि मी तं एक शबद बी बोलनू नही. खोटं कथाईन उनं?"

खोटं कुठून आलं, असं तो मलाच विचारत होता. मी त्याचा झोपाळा धरून हलवला. नोकरांनी मला बाहेर काढलं. मग मी बैलबाजारातले चार जुने हेडी पंच म्हणून बसवले. माझ्या बाजूने बसतील असं वाटलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं, तंबाखू मळली, आणि सांगितलं की रुमाल टाकला ते खरं, पण घर म्हणजे जनावर नव्हे, आठ दिवसांची रीत लागू नाही. एक जण जाता जाता म्हणाला, "आयुष्यभर दुसऱ्यांना रुमालाखाली घातलंस, आज तुला घातलं." मी त्याच्या थोबाडीत मारली. त्यानंतर बाजारात माझ्याबरोबर रुमाल टाकायला लोक टाळू लागले.

पैसे परत मागायचे की नाही, हा माझा प्रश्नच उरला नाही. मी पुन्हा त्याच्याकडे गेलो, हात जोडून गेलो. मला हात जोडता येत नाहीत, तरी जोडले. म्हणालो, घर मला राहू द्या, काही परत करू नका, फक्त एकदा माझ्याबरोबर आगगाडीत बसा, त्या लाकडाखाली उभे राहा, एक वाक्य बोला, आणि परत या. तो म्हणाला, "कसलं वाक्य?" आणि आत निघून गेला.

शाकारणी मी स्वतः केली. मी वर, बायको खाली. ती एकेक कौल पदराने पुसून वर द्यायची. मला ते काम येत नव्हतं. कौलं फेरणं म्हणजे नुसतं ठेवणं नव्हे, पाण्याची वाट ओळखावी लागते, आणि ती ओळखणारे हात समोर बाजारात बसून माझ्याकडे पाहत होते. पहिल्याच पावसात चार ठिकाणी गळायला लागलं. दुसऱ्या वर्षी आठ. नंदुरबारहून एक सुतार आणला, त्याने भिंतीला टेकू दिले, आणि गडी मिळत नाहीत म्हणून परत गेला. दुकानात रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला आणि स्टेशनातले दोनचार लोक मीठ-गूळ घ्यायचे. बाकी दिवस मी ओट्यावर एकटा.

विकायचा प्रयत्न केला. आता खोड सांगून विकावं लागणार होतं, कारण मी रीत पाळतो. खोड ऐकून कोणी घेतलं नाही.

तिसऱ्या पावसाळ्यात बायकोला हिवताप आला. त्या भागात येतोच, कोयनेलने उतरतो, तिचा उतरला नाही. भिंतीला ओल, अंथरुणाला ओल. तिची खाट मी ओढत ओढत कोरड्या जागी नेत होतो, आणि शेवटी कोरडी जागा एकच उरली, त्या तुळईच्या बरोबर खाली. ती वर पाहत पडून असायची.

"पानी गळी ऱ्हायनं का, का मलेच वाटस?" ती विचारायची.

"तुलेच वाटस," मी म्हणायचो. तिच्या उशाशी पातेलं भरलेलं असायचं.

ती भर दुपारी गेली. तिला उचलायला घरात मी आणि सांधेवाला, दोघंच. बाहेर पावसात माणसं जमली होती. शिडीवाला होता, तांब्या नाकारणारी ती बाई होती, चिंचेखालची म्हातारी होती. सगळे ओट्यापासून चार हातांवर उभे. मी दारातून ओरडलो, या ना आत, माणूस मेलंय! कोणी हललं नाही. शिडीवाला रडत होता, पण हलला नाही. आम्ही दोघांनी तिला कशीबशी उंबऱ्याबाहेर, ओट्याखाली आणली. आमचे पाय मातीला लागताक्षणी त्या सगळ्यांनी तिला माझ्या हातांतून घेतलं. लाकडं त्यांनी आणून ठेवली होती, कोरडी, झाकून. खांदा त्यांनी दिला. मला नदीपर्यंत धरून त्यांनीच नेलं.

म्हणून त्यांच्यावर मला रागावता येत नाही. मी प्रयत्न केला आहे.

त्यानंतर युद्ध आलं, गेलं, राज्य बदललं. मक्तेदार म्हातारा झाला आहे आणि आता पांढरी टोपी घालतो. मागच्या हिवाळ्यात तो दारूबंदीवर भाषण द्यायला आमच्या गावात आला होता. स्टेशनसमोरच्या मैदानात मांडव होता, माझ्या घरापासून दोनशे पावलांवर. मी उभा राहिलो आणि म्हणालो, तुम्ही एवढे बोलताय, तर दोनशे पावलं चला आणि ते एक वाक्य बोला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि ओळखलं. मग लोकांना म्हणाला, "हा आमचा जुना हेडी. भाव पाडायला आला वाटतं." लोक हसले. स्वयंसेवकांनी मला खाली बसवलं. डोंगरातून आलेले लोक हसले नाहीत, पण तेही बसून राहिले. त्यांना माझ्यासाठी उठायचं कारण नव्हतं.

वरचा मजला गेल्या पावसात बसला. मागची भिंत पडली, चूल तिच्याखाली गेली. सुरतेचा एक लाकूडव्यापारी येऊन गेला. शपथेशी त्याला काही देणंघेणं नाही, तुळईला चांगले पैसे देतो म्हणाला. मी नाही म्हणालो. तो मला वेडा म्हणाला असेल. मी आता घर राखत नाही, ती एक तुळई राखतो. तिच्याखाली सहा टेकू लावले आहेत, दर पावसाळ्यात एखादा बदलतो. ती पडली तर उभं राहायला जागा राहणार नाही, आणि मग तो म्हणेल, कुठे उभा राहू?

चिंचेखालची म्हातारी आता आंधळी आहे. नातू तिला बाजारात आणून बसवतो. ऐकायला तिला अजून येतं. परवा तिने विचारलं, "आला का?" मी म्हणालो, "नाही." ती म्हणाली, "मग बस." मी तिच्याजवळ बसलो. ती किती दिवस आहे ते सांगता येत नाही. ती गेली की खरं ऐकून घेणारं कोणी उरणार नाही, आणि शपथ सोडवणारंही कोणी उरणार नाही.

तो येईल असं मला वाटत नाही. बायको परत येणार नाही, छप्पर उभं राहणार नाही, आणि तो उंबरा उद्या कोणी ओलांडला तरी आत काही नाही. हे मला कळतं. तरीही मी हे लिहितो आहे, कारण तो वाचू शकतो, आणि त्याच्या घरात वाचणारे आणखीही आहेत.

दोनदा गप्प राहून तुम्ही निसटलात. एकदा ती म्हातारी तुमच्या दारात बसली तेव्हा, एकदा माझ्या रुमालाखाली. आता हातावर रुमाल नाही. गाडी सकाळी सुटते, स्टेशनापासून घर पहिलंच आहे, टेकू मी घट्ट केले आहेत. या, लाकडाखाली उभे राहा, आणि तिला सांगा तिचा माणूस कुठे मेला. तुम्हाला जमत नसेल तर मुलाला पाठवा. पण कोणीतरी तोंड उघडा.

बोला.